प्लॉट किंवा फ्लॅट घेण्याआधी पूररेषा कशी तपासायची

"लाल रेषेच्या बाहेर आहे, टेन्शन घेऊ नका." नदीकाठच्या व्यवहारात हे वाक्य कानावर आलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: बाहेर आहे ते ठीक, पण वर किती आहे? नकाशावरची ही पूररेषा आडवं अंतर दाखवते. पाणी उभं चढतं.

जागेच्या लेव्हल घेण्याचं काम करताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. लोक आधी जागा पसंत करतात, मग विसार देतात, मग वकिलाला कागद दाखवतात आणि पावसाळ्यात शेजाऱ्याला विचारतात, "इथं पाणी येतं का हो?" हा क्रम नेमका उलटा हवा. खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या मालमत्तेसाठी आहेत. शेवटी तुमच्या वहीत तीन आकडे आले पाहिजेत: लाल रेषेची पातळी, जागेची पातळी आणि आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराची खूण. यातला एक जरी कमी असला तरी विनाअट विसार देऊ नका.

## तयारी: काय जमवायचं, कोणते शब्द माहीत हवेत

जागेचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, गाव नकाशा, मोजणीची 'क' प्रत आणि मंजूर लेआउट एवढं हाताशी ठेवा. फ्लॅट असेल तर बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्रही लागेल.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यांपैकी जी जास्त असेल ती मर्यादा. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. धरणाखालच्या भागात सांडव्याच्या विसर्गाचाही विचार होतो. नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हा नियंत्रित क्षेत्र. ही व्यवस्था पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून चालत आली आहे.

डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मुंबई महापालिका आणि काही खास क्षेत्रं सोडून राज्यभर चालते. तिच्यानुसार निळ्या रेषेच्या आत नवीन इमारत नाही. उद्यान, वाहनतळ अशा मोजक्या मोकळ्या वापरांना मुभा आहे. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास अटींवर होऊ शकतो. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर हवं. हे ४५ सेंटीमीटर लक्षात ठेवा, चौथ्या टप्प्यात लागतील.

सावधान: "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की २५ वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच अर्थ आहे. कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये ती त्याहूनही वर चढली. "आता इतक्यात नाही येणार" म्हणत मधल्या काळात खरेदी केलेल्यांनी घरातला गाळ दोन वर्षांत उपसला.

## टप्पा १: नकाशाआधी जागेवर जा

पहिली फेरी एजंटशिवाय करा. रेषा बघायला नाही, खुणा बघायला.

नदीकडेच्या बाभळींत, तारेच्या कुंपणात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या बघा. एका झाडावर वर, दुसऱ्यावर खाली अशा असतील तर वाऱ्याचं काम. दहा झाडांवर एकाच उंचीला असतील तर ती पाण्याने आखलेली रेघ आहे. घराच्या आतली भिंत नवी रंगवलेली असते, पण मीटरच्या फळीमागे, जिन्याखाली आणि संडासाच्या मागच्या बाजूला रंगारी सहसा पोचत नाही. तिथं गाळाची तपकिरी रेघ सापडते. लाकडी चौकटीचा खालचा भाग फुगलेला आहे का, बिजागऱ्या खालच्याच गंजल्यात का, गल्लीतले सगळे वीज मीटर एकाच वर्षाचे नवे आहेत का, हेही पाहा. इमारत असेल तर लिफ्टचा खड्डा आणि पंपाची खोली उघडायला सांगा.

मग माणसं. विकणाऱ्याच्या शेजाऱ्याला "पूर येतो का?" असं विचारू नका. गल्लीतल्या भावाची काळजी सगळ्यांनाच असते, उत्तर "छे हो" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "२०१९ ला सामान कुठं हलवलं होतं?" किंवा "२००५ ला पाणी कितव्या पायरीला होतं?" पाणी आलंच नसेल तर माणूस तसं सांगतो. आलं असेल तर तो थेट पायरी दाखवतो. किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला, देवळाचा पुजारी यांची आठवण सगळ्यात पक्की असते, कारण त्यांचा माल किंवा देव हलवावा लागलेला असतो.

पूरग्रस्त गावांत पंचनामे झालेले असतात. तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडे त्या वर्षीच्या याद्यांत तुमच्या घराचा क्रमांक आहे का, ते विचारा. घरमालक पूर विसरला असला तरी अनुदानाची यादी विसरत नाही.

तपासा: खुणेची उंची जागेवरच टेपने मोजा, जवळच्या न हलणाऱ्या वस्तूपासून: देवळाचा ओटा, पुलाचा कठडा, शाळेची पायरी. फोटोत टेप दिसला पाहिजे. "कमरेएवढं" हे माप कोणाच्या कमरेचं ते नंतर कळत नाही.

## टप्पा २: पूररेषेचा मूळ नकाशा मिळवा

बहुतेक लोक विकास आराखड्याच्या नकाशावर निळी-लाल रेघ बघतात आणि थांबतात. तो नकाशा म्हणजे नक्कल. मूळ काम जलसंपदा विभागाचं. नदीचे ठराविक अंतरावर काटछेद घेऊन, प्रत्येक ठिकाणी त्या विसर्गाला पाणी कुठवर चढेल याचं गणित केलेलं असतं. नकाशासोबत एक तक्ता असतो: साखळी क्रमांक (नदीच्या लांबीवर ठरलेल्या बिंदूपासून मोजलेलं अंतर), निळ्या रेषेचा तलांक, लाल रेषेचा तलांक. तलांक म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. तुम्हाला खरा हवा आहे तो हा तक्ता.

नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. संबंधित पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे गट नंबर देऊन पूररेषेबाबत लेखी विचारणा करा. उत्तर लांबलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात "आमची जमीन पूररेषेत येते का" असं लिहू नका, त्याला गोलमोल उत्तर येतं. "अमुक नदीच्या अमुक गावाजवळील पूररेषा नकाशाची आणि साखळी क्रमांकनिहाय तलांक तक्त्याची प्रत" अशी कागदाची मागणी करा.

विकणारा ३० दिवस थांबायला तयार नसेल तर विसार करारातच अट घाला: जागा निळ्या रेषेत निघाली, किंवा जोत्यासाठी ठरावीक उंचीहून जास्त भराव लागणार असेल, तर विसार पूर्ण परत. या अटीवर समोरचा गडबडला, तर तुमचं निम्मं काम तिथंच झालं.

सावधान: "रेषा सरकणार आहे, वर बोलणं झालंय" हे नदीकाठचं सर्वांत जुनं आमिष. आज मंजूर असलेली रेषाच धरा. आणि काही नद्यांच्या काही भागांत पूररेषा आखलेलीच नसते. रेषा नाही म्हणजे पूर नाही, असं नव्हे. तिथं पहिला टप्पा आणि चौथा टप्पा दुप्पट काळजीने करावा लागतो.

## टप्पा ३: रेषा गटावर बसवा

इथं चूक होते ती प्रमाणाची. १:१०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद असते. छापील नकाशाच्या झेरॉक्सवर बोट ठेवून "बघा, आपला प्लॉट रेघेला लागून बाहेर" म्हणणं म्हणजे बोटाच्या जाडीखाली अख्खं घर लपवणं.

भूमापकाकडून मोजणीच्या हद्दीवर रेषा बसवून घ्या. तीन शक्यता निघतील. गट निळ्या रेषेच्या पूर्ण बाहेर: पुढे चला. गट पूर्ण निळ्यात: घरासाठी घेत असाल तर इथंच थांबा. सगळ्यात फसवी तिसरी शक्यता: थोडा आत, थोडा बाहेर. अशा वेळी गटाचं नाही, तुमच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्याचं बघा. मोठ्या गटाचे गुंठे पाडून विकताना रस्त्याकडचे प्लॉट आधी जातात, नदीकडचे "व्ह्यू" म्हणून मागे राहतात, आणि दाखवला जाणारा दाखला मात्र पूर्ण गटाचा असतो.

ओढे-नाले विसरू नका. पूररेषा नदीची असते, पाणी मात्र ओढ्यातूनही येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा फुगून घरांत शिरला, त्यासाठी नदीला पूर यावा लागला नव्हता. गाव नकाशावर दुहेरी रेघेने दाखवलेला ओढा आज जागेवर दिसत नसेल, तर तो कोणत्या घराखालून जातो ते शोधा.

## टप्पा ४: पातळी मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि खरा निर्णय इथंच होतो.

ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) असलेला सर्व्हेअर बोलवा. जागेचे चारही कोपरे, समोरचा रस्ता, असलेलं जोतं आणि पहिल्या टप्प्यात सापडलेली पुराची खूण, एवढ्या सगळ्यांचे तलांक एकाच दिवशी, एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे तलांक आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, घ्यायला सांगा. बेंचमार्क पूररेषेच्या तक्त्यासाठी वापरलेलाच हवा, किंवा त्याच्याशी जोडलेला.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका जागेसाठी मी जवळच्या रस्त्याखालच्या मोरीवर (छोट्या पुलावर) रंगवलेला आकडा बेंचमार्क धरला. जागा लाल रेषेच्या दीड हात वर निघाली. निघताना शेजारच्या आजींनी अंगणातल्या तुळशी वृंदावनाकडे बोट दाखवलं, "पाणी इथवर होतं." माझ्या हिशेबाने तिथं पाणी पोचणं शक्य नव्हतं. पुन्हा मोजलं तेव्हा कळलं, रस्त्याच्या कामात मोरी उंच केली होती आणि आकडा जुनाच वर रंगवला होता. तेव्हापासून लोकांनी दाखवलेली खूण आणि यंत्राचा आकडा जुळल्याशिवाय मी सही करत नाही.

एक उदाहरण करून पाहू. समजा तक्त्यात साखळी ४,००० मीटरला लाल रेषेचा तलांक ५४१.६० आहे आणि ४,५०० मीटरला ५४१.३५. तुमची जागा ४,२०० समोर येते. ५०० मीटरला ०.२५ मीटर उतार, म्हणजे २०० मीटरला ०.१०. तुमच्या जागेसमोर लाल पातळी ५४१.५०. त्यात ०.४५ मिळवा: जोतं किमान ५४१.९५ हवं. आता जागेचा पुढचा कोपरा ५४०.७० आणि मागचा, नदीकडचा, ५३९.४०. म्हणजे लाल पातळीच्या पुरात पुढे ०.८० मीटर, जवळपास पावणेतीन फूट पाणी, आणि मागे २.१० मीटर, सात फूट. जोतं पुढून सव्वा मीटर आणि मागून अडीच मीटरच्या वर उचलावं लागेल. मागच्या बाजूला भिंतीएवढा भराव आला. हा खर्च प्लॉटच्या भावात मिळवल्याशिवाय "स्वस्त मिळतोय" म्हणू नका.

सावधान: मोबाइलवरची किंवा गूगल अर्थवरची उंची इथं वापरू नका; तिच्यात काही मीटरचा फरक सहज असतो आणि आपलं भांडण सेंटीमीटरचं आहे. डीजीपीएसने (उपग्रहावरून अचूक मोजणाऱ्या यंत्राने) काम केलं असेल तर उंची समुद्रसपाटीला बदलून घेतली आहे का ते विचारा. उपग्रहाची कच्ची उंची आणि समुद्रसपाटीची उंची यांत आपल्याकडे पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो.

तपासा: यंत्र नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी चालते. देवळाच्या ओट्यावरची पुराची खूण आणि तुमचं जोतं यांतला फरक तिने अर्ध्या तासात कळतो. तलांक मिळत नाही, पण मागच्या पुराला घरात पाणी आलं असतं का, ते कळतं.

## टप्पा ५: परवानगीचे कागद तारखेसह वाचा

परवानगी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. परवानगीची तारीख आणि पूररेषा मंजूर झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. रेषेआधीची परवानगी कायदेशीर असू शकते आणि तरीही घर निळ्यात असू शकतं. राहायला हरकत नाही, पण उद्या पाडून बांधायचं म्हटलं की सगळ्या अटी अंगावर येतात. परवानगीत जोत्याच्या पातळीची अट असेल तर प्रत्यक्ष जोतं मोजून घ्या, कागदावर ५४१.९५ आणि जागेवर त्याहून दोन फूट खाली, हे दुर्मिळ नाही.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी वीज मीटर, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी, जनरेटर आणि गाड्या कुठे आहेत ते बघा. त्या पाण्यात गेल्या की तिसरा मजला बेटावर राहतो.

## टप्पा ६: शक्यतेचा हिशेब

गृहकर्ज २० वर्षांचं असेल तर त्या काळात निळ्या रेषेइतका पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. लाल रेषेइतका येण्याची सुमारे १८ टक्के.

आणि हे रेषेच्या काठावरच्या जागेचं झालं. रेषेच्या आत, खोलगट जागेत पाणी त्याच्या कितीतरी आधी येतं. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकवर (सेकंदाला घनफूट) आखलेली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार सोडल्यावरच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं.

## टप्पा ७: विमा, चावी हातात येण्याआधी

घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात पुराचं नुकसान येतं. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. बँकेने कर्जासोबत काढलेला विमा कर्जदाराच्या आयुष्याचा आहे की घराचा, ते पॉलिसी उघडून बघा. गाडीसाठी इंजिनचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. बुडालेली गाडी स्टार्टर मारून बघू नका. दाव्याचा वाद तिथूनच सुरू होतो.

## टप्पा ८: घर आधीच घेतलं असेल तर

मीटर, इन्व्हर्टर, स्विच लाल पातळीच्या वर घ्या. ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, कारण पाणी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून येतं. आवारात भराव टाकून शेजाऱ्याकडे पाणी ढकलू नका. निळ्या रेषेत तर तो बेकायदाच.

मग आपल्या घराचा फूट शोधा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीला आयर्विन पुलावर ४० आणि ४५. हे आकडे शहरासाठी आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढताना बंधाऱ्यावरच्या किंवा पुलावरच्या पाणीपातळीच्या पट्टीवरचा आकडा आणि गल्लीतली पाण्याची जागा, दोन्ही तारीख-वेळेसह लिहून ठेवा: किती फुटाला ओढा उलटा फुगला, किती फुटाला कोपऱ्यावरचा खांब भिजला, पट्टीवर एक फूट वाढायला किती तास लागले. एका पुरात चार-पाच नोंदी मिळतात. त्यांवरून गाडी कधी हलवायची, गॅस आणि वीज कधी बंद करायची आणि म्हाताऱ्या माणसांना कधी बाहेर काढायचं, असे तीन आकडे निघतात. ते खडूने नाही, ऑइल पेंटने मीटरच्या फळीवर, पाण्याच्या वर लिहा.